डिस्टिलरी असो की काजूची भट्टी, आधी वाफेचा हिशेब ठेवा

मळीवाला

नमस्कार मंडळी.

माझी सगळी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत गेली. आता निवृत्त आहे, पण जुन्या पोरांचे फोन अजून येतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. त्याआधीच्या काही वर्षांत आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांनी नवा प्लँट उभा केला, नाहीतर जुन्याची क्षमता वाढवली. माणसं मात्र तेवढ्या वेगाने तयार झाली नाहीत. साखर विभागातून उचलून डिस्टिलरीत टाकलेला पोरगा रात्रपाळीला एकटा कॉलम (स्पिरिट वेगळं करणारा उंच मनोरा) सांभाळतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला आग लागली, तेव्हापासून हा धागा काढायचा मनात होतं.

डिस्टिलरीत आग कशाने लागते असं पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं: विडी, मोबाइल, शॉर्ट सर्किट. ठिणगी टाळायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ठिणगीला शंभर वाटा असतात. म्हणून मी पोरांना आधी वाफेबद्दल विचारतो. आत जेवढी वाफ तयार होतेय, तेवढी सगळी कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पातळ होतेय का? होत नसेल तर ती कुठूनतरी बाहेर निघालीय, आणि बाहेर निघालेल्या वाफेला ठिणगी भेटायला फार वेळ लागत नाही.

थोडे आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते ते, साधारण १३ अंश सेल्सियस. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरातली एखादी पहाट सोडली तर वर्षभर, कुठल्याही वेळी, उघड्या स्पिरिटवर पेटू शकेल इतकी वाफ असतेच. हवेत या वाफेचं प्रमाण ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असलं की ती पेटते. वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, पंपाच्या खड्ड्यात साचते. आता हिशेब करा. एक लिटर इथेनॉलची वाफ होते साधारण ४०० लिटर. ती हवेत ३.३ टक्क्यांपर्यंत पसरली तर बारा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली भरायला सव्वादोन लिटर पुरे. पंपाच्या गळक्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) एवढं एका पाळीत सहज जातं.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही. रात्री टर्बाइन ट्रिप झाला, वीज गेली, कूलिंग टॉवरचे पंप बंद पडले. पण बॉयलरचा स्टीम हेडरमध्ये (मुख्य पाइपात) होताच, आणि रिबॉयलरचा (कॉलमच्या तळाशी माल उकळवणाऱ्या भांड्याचा) व्हॉल्व्ह होता तसाच उघडा. म्हणजे खाली उकळणं चालू आणि वर थंड करणारं पाणी बंद. दोन-तीन मिनिटांत शेवटच्या कंडेन्सरच्या व्हेंटमधून (हवा बाहेर सोडायच्या पाइपातून) स्पिरिटचा फवारा सुरू झाला. वरच्या मजल्यावरचा ऑपरेटर वास आला म्हणून ओरडत खाली धावला. फिटरने अंधारात, हाताने चाक फिरवून स्टीम बंद केला, म्हणून निभावलं. त्यानंतर तिथे पाण्याचा दाब उतरला की स्टीमचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल अशी सोय झाली. ज्या प्लँटमध्ये ही सोय नाही, तिथे ती आधी करा, बाकी रंगरंगोटी नंतर.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कोकणातल्या, गोव्यातल्या भट्टीवाल्यांनी जरूर लिहावं. उकळणं आणि थंड करणं दोन्हीकडे तेच आहे.

---

रानकाजू

काका, धागा काढलात ते फार बरं केलंत.

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. मामाची भट्टी पलीकडे गोव्यात, सत्तरीत, परवान्याची. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं, आता पाहुणे भट्टी बघायला येतात. पण भट्टी म्हणजे उघडा जाळ, त्यावर भाण (गाळायचं भांडं) आणि भाणात दारू. याकडे पाहुण्यांचं सोडा, आमच्यातल्याही बऱ्याच जणांचं लक्ष नसतं.

मामाकडे मी काय बघितलं ते सांगते. बोंडं कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) तुडवायची, नीरो (रस) काढायचा, दोन-तीन दिवस आंबवायचा, मग भाणात. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक. फेणी काढताना भाणात नीऱ्याबरोबर हुर्राकही घालतात, तेव्हा पहिली धार जास्त कडक असते. मामा त्या वेळी भट्टीवर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. लाकूड एकेक करून सारतो. जाळ एकदम वाढला की भाणातला रस फेसाळून वर चढतो, नळीत शिरतो. नळीत बोंडाचा चोथा अडकला तर वाफेला वाट उरत नाही, आणि मग भाणाच्या तोंडाशी माती-फडक्याने लिंपलेला सांधा सुटतो. सांधा सुटला की खाली जाळ आहेच. म्हणून मामा रस गाळून घेतो आणि भाण कधी काठोकाठ भरत नाही. लिंपलेल्या मातीला तडा दिसला की आधी जाळ ओढून बाहेर काढायचा, मग माती लावायची. जाळ चालू ठेवून वरून माती थापणारे पुष्कळ बघितलेत.

जुन्या पद्धतीत लावणीवर (धार जमा होते त्या मडक्यावर) सारखं पाणी ओतत राहावं लागायचं, माणूस तिथून हलायचाच नाही. आता टाकीत तांब्याची कॉइल असते, त्यामुळे माणसाला वाटतं आपण मोकळे. पण दुपारपर्यंत टाकीतलं वरचं पाणी कढत होतं आणि धारेबरोबर वाफ यायला लागते. मामाचा नियम साधा आहे: टाकीच्या वरच्या पाण्यात हात ठेवून बघायचा, ठेववत नसेल तर पाणी बदलायचं. धार गरम लागली तरी तेच.

चुलीचं तोंड एका बाजूला आणि धार पडते ते भांडं दुसऱ्या बाजूला, मध्ये चिऱ्याची भिंत. एप्रिलमध्ये दुपारी वारा फिरतो, तेव्हा ही भिंतच कामाला येते. भट्टीभोवतीचा काजूचा पालापाचोळा तर रोज सकाळी झाडायचाच. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात वणवे लागले, तेव्हापासून वाड्यावरची सगळीच माणसं याबाबत जागरूक झालीत.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. धार कडक आहे का बघायला ती चुलीत शिंपडायची सवय कृपा करून सोडा. भांड्यातून ओतताना ज्वाळा धारेवरून उलटी भांड्यात येते.

---

तिसरीपिढी

दोघांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. आमच्या घरात आजोबांपासून भट्टी आहे, आगीचा एकही प्रसंग नाही. तांब्याचं भाण, लाकडाचा जाळ, हीच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कारखान्यांतल्या आगींचे आकडे दाखवून छोट्या भट्टीवाल्याला घाबरवलं की उद्या त्याच्याकडूनही कारखान्यासारखी यंत्रणा मागतील. ती त्याला परवडणार नाही. काजूच्या झोनच्या (ठरवून दिलेल्या पट्ट्याच्या) लिलावाचे पैसे भरून हंगामाच्या तीन महिन्यांत त्याच्या हातात काय उरतं ते विचारा. मग भट्ट्या बंद पडतील आणि फेणीच्या नावाखाली भलतंच काहीतरी विकलं जाईल.

---

मळीवाला

तिसरीपिढी, तुमची काळजी रास्त आहे. छोट्या भट्टीला कारखान्याचे नियम लावावेत असं मी मुळीच म्हणत नाही. उलट एका बाबतीत तुमच्या आजोबांची भट्टी आमच्या प्लँटपेक्षा सुरक्षित होती: चारही बाजूंनी उघडी, वर माडाच्या झावळ्या, वाफ निघाली तरी वाऱ्याने पांगणार. माल थोडा आणि माणूस सतत शेजारी.

पण आता कित्येक भट्ट्यांना चोरीच्या भीतीने भिंती आणि पत्र्याची दारं आली. लाकूड महाग म्हणून गॅसचा बर्नर आला. तयार माल त्याच शेडमध्ये प्लॅस्टिकच्या कॅनांत रचून ठेवतात. आजोबांच्या पद्धतीतल्या ज्या गोष्टी आग टाळत होत्या, त्या अशा एकेक करून निघून गेल्या. त्या परत आणायला फार खर्च येत नाही. कॅन दुसऱ्या खोलीत हलवायचे, आणि भिंतीला जमिनीलगत झरोके ठेवायचे. खालीच ठेवायचे, वाफ जड असते म्हणून.

---

तिसरीपिढी

कॅनांचं पटलं. आमच्याकडेही शेडमध्येच असतात. हलवतो.

---

दुसरीपाळी

काका, मी एका डिस्टिलरीत केमिस्ट आहे. आमच्याकडे टँक फार्ममध्ये (साठवणीच्या टँकांच्या आवारात) फिरताना भरलेल्या टँकला सगळे घाबरतात आणि रिकाम्या टँकवर निवांत काम चालतं. कॉन्ट्रॅक्टरची माणसं तर रिकाम्या टँकच्या सावलीत डबा खातात. मला हे उलटं वाटतं, पण कारण पटवून देता येत नाही. शिवाय डिझेल-पेट्रोलचे टँक वर्षानुवर्षं आहेत, मग इथेनॉलचं एवढं काय, असंही ऐकवतात. नीट समजावून सांगाल का?

---

मळीवाला

तुला वाटतंय ते बरोबर आहे, ताई. कारण असं आहे.

बंद टँकमध्ये द्रवाच्या वरच्या पोकळीत किती वाफ असेल ते तापमानावर ठरतं. पेट्रोल इतकं उडून जाणारं, की आपल्या हवामानात त्याच्या टँकमधली पोकळी वाफेने गच्च असते आणि पेटायला हवाच पुरत नाही. डिझेलची वाफ इतकी कमी, की नेहमीच्या तापमानाला ती पेटण्याच्या पातळीला पोचत नाही. इथेनॉल या दोघांच्या बरोबर मधे येतं. २० अंशांना पोकळीत साधारण ६ टक्के वाफ, ३० अंशांना १० टक्क्यांच्या आसपास, ४० अंशांना १७-१८ टक्के. पेटण्याची मर्यादा काय सांगितली होती? ३.३ ते १९. म्हणजे सोलापूरचा मे महिना असो की नाशिकचा जानेवारी, इथेनॉलच्या टँकमधली पोकळी जवळपास वर्षभर पेटू शकेल अशाच प्रमाणात असते. म्हणून टँकवर ब्रीदर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारा) आणि फ्लेम अरेस्टर (ज्योत आत जाऊ न देणारी जाळी) लागतो, म्हणून भरताना पाइप तळापर्यंत नेतात की वरून धबधबा पडून फवारा उडू नये.

आता रिकामा टँक. भरलेल्या टँकमध्ये पोकळी हातभर असते. रिकाम्यात सगळा टँकच पोकळी. तळाशी बोटभर स्पिरिट उरलेलं असलं तरी आतलं प्रमाण तेच राहतं, फक्त पेटणारा साठा कित्येक पटींनी मोठा होतो. डबा खाणाऱ्यांना तिथून आजच उठव. नुसतं "साहेब रागावतील" असं सांगू नकोस, हे आकडे सांग. माणसं ऐकतात.

---

गॅसकटर

मी ऑफ सीझनला कारखान्यांची फॅब्रिकेशनची कामं घेतो. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या धंद्यातली माणसं भरलेल्या टँकवर मरत नाहीत, रिकाम्यावरच मरतात.

परमिटचा कागद सही होऊन येतो, त्यावर "टँक रिकामा, व्हॉल्व्ह बंद" लिहिलेलं असतं. मी व्हॉल्व्हवर विश्वास ठेवत नाही. व्हॉल्व्हची सीट खाल्लेली असते, थेंब थेंब चालूच राहतं. लाइन सोडवून ब्लाइंड (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) मारल्याशिवाय माझा वेल्डर होल्डर हातात धरत नाही. मग टँकमध्ये पाणी भरून काढायचं किंवा स्टीम सोडायचा, मॅनहोल उघडे ठेवायचे आणि गॅस मीटरने रीडिंग घ्यायचं. तेही मॅनहोलच्या तोंडाशी एकदा घेऊन चालत नाही. वर, मध्ये आणि तळाला घ्यायचं. तळाच्या पापुद्र्याखाली, सपोर्टच्या पॅडमागे स्पिरिट धरून राहतं, ऊन चढलं की पुन्हा सुटतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर परत रीडिंग. सकाळचा शून्य दुपारी शून्यच असेल असं नाही.

आणि ज्या टँकचं काम त्याच्याबरोबर शेजारच्या टँकचाही विचार करा. एका टँकचा जिना वेल्ड करताना ठिणगी वाऱ्यावर शेजारच्या व्हेंटकडे जाते. आजूबाजूची गटारं ओल्या गोणपाटाने आणि मातीने बंद करायची, ही माझी पहिली अट. ती मान्य नसेल तर काम दुसऱ्याला द्या, असं सांगून मी उठलेलो आहे.

---

वाचनमात्र

माहितीपूर्ण धागा. एक प्रश्न: घरच्या घरी छोट्या प्रमाणात असं काही करायला आपल्याकडे परवानगी आहे का? यूट्यूबवर प्रेशर कुकरला नळी लावून दाखवतात. आणि विषारी दारूने माणसं मरतात ती याच चुकांमुळे का?

---

मळीवाला

परवानगी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, प्रमाण कितीही छोटं असो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुकरचा प्रकार भयंकर आहे. बंद स्वयंपाकघर, खाली गॅसची ज्योत, रबरी नळी गरम होऊन सुटणारी, आणि शिटीच्या जागी नळी बसवल्यामुळे दाब सुटायची नेहमीची वाट बंद. कुणाच्या घरी पोरं असले व्हिडिओ बघून काही करत असतील तर वेळीच थांबवा.

विषारी दारूचा विषय वेगळा आहे. १९९१ ला विक्रोळीत आणि २०१५ ला मालवणीत माणसं गेली ती उद्योगांत वापरलं जाणारं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. त्यावर स्वतंत्र धागा व्हावा, इथे आगीपुरतंच बोलू.

---

दक्षिणतारा

मी न्यूझीलंडमध्ये असते. इथे १९९६ पासून स्वतःपुरती घरी दारू गाळायला कायद्याने मोकळीक आहे, विकायला नाही. माझे शेजारी हा छंद करतात. मी स्वतः करत नाही, पण त्यांची गॅरेजमधली पद्धत बघितलीय, ती सांगते.

उघडी ज्योत अजिबात नाही, विजेचा हीटर. आधी थंड पाणी चालू, ते वाहतंय हे हाताने बघायचं, मग हीटरचं बटण. बंद करताना उलटा क्रम. गॅरेजचं दार उघडं. गॅसचा गीझर त्याच गॅरेजमध्ये होता, त्याची बारीक ज्योत सतत जळत असते, म्हणून त्यांनी छंदासाठी वेगळी शेड घेतली. धार पडते ती बरणी हीटरपासून लांब, खाली स्टीलचा ट्रे, म्हणजे बरणी फुटली तरी दारू जमिनीवर पसरणार नाही. आणि भांडं चालू असताना ते तिथून हलत नाहीत. फोन वाजला तरी उचलत नाहीत.

मी त्यांच्याबरोबर एकदा हिशेब केला होता. दोन किलोवॉटचा हीटर चालू आणि पाणी बंद पडलं, तर दहा-बारा मिनिटांत लिटरभर कडक दारू वाफ होऊन शेडमध्ये येईल. माणूस आंघोळ करून येईपर्यंत एवढा वेळ जातोच.

---

बंबवाला

अग्निशमन दलात होतो. मळीवालेसाहेबांनी आग लागण्याआधीचं सांगितलं, मी लागल्यावरचं सांगतो.

पहिली अडचण, अल्कोहोलची ज्वाळा फिकी निळी असते. भर उन्हात ती दिसत नाही. लोक म्हणतात, "साहेब, विझली," आणि पुढे चालू लागतात. हवा थरथरताना दिसली, रंग फुगताना दिसला तर तिथे आग आहे असं धरा. थर्मल कॅमेरा असेल तर आधी त्यातून बघा, मग पाऊल टाका.

दुसरी, फोम. बहुतेक ठिकाणी पेट्रोल-डिझेलसाठीचा साधा फोम ठेवलेला असतो. अल्कोहोल त्या फोमच्या बुडबुड्यांतलं पाणी ओढून घेतं आणि थर बघता बघता विरघळून जातो. अल्कोहोलवर टिकणारा फोम वेगळा येतो. आपल्या स्टोअरमध्ये जाऊन ड्रमवरचं लेबल वाचा, मुदत बघा, आणि कोणत्या प्रमाणात मिसळायचा तेही तिथेच लिहून ठेवा. तालुक्याच्या ठिकाणच्या बंबात तो असेलच असं गृहीत धरू नका. बंब येईपर्यंतचा साठा तुमच्याकडेच हवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, म्हणून पाणी मारा, असं सर्रास सांगतात. छोट्या सांडलेल्या मालावर ते चालतं. पण हिशेब बघा. ९५ टक्क्यांचं १०० लिटर स्पिरिट २० टक्क्यांवर आणायला ३७५ लिटर पाणी लागतं, आणि २० टक्क्यांचाही फ्लॅश पॉइंट ३६ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे तापलेल्या जागी ते जळतच राहणार. १० टक्क्यांवर आणायला साडेआठशे लिटर. मोठ्या टँकवर हेच केलंत तर पाण्याने पातळी वाढून जळता माल डाइकच्या (टँकभोवतीच्या बांधाच्या) भिंतीवरून बाहेर येईल. पाणी शेजारचे टँक थंड ठेवायला वापरा. त्यावर कधीच कंजूषी करू नका.

जगात याची मोठी उदाहरणं आहेत. १८ जून १८७५ ला डब्लिनमध्ये व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली आणि जळती व्हिस्की रस्त्यांवरून उतारावर वाहत गेली. तिथले अग्निशमन प्रमुख जेम्स इन्ग्रॅम यांनी पाण्याचा मारा न करता घोड्यांच्या लिदीचे बांध घालून तो लोट अडवला. त्या रात्री १३ माणसं गेली. भाजून त्यातलं कुणी गेलं नाही, सगळी रस्त्यावरची व्हिस्की पिऊन गेली. २८ मार्च १९६० ला ग्लासगोत चीपसाइड स्ट्रीटवरच्या व्हिस्कीच्या गोदामात आतली पिंपं तापून वाफेचा स्फोट झाला, भिंती रस्त्यावर कोसळल्या आणि १९ जवान गेले. १४ अग्निशमन दलाचे, ५ माल वाचवणाऱ्या पथकाचे. बाहेरून तेव्हा फारशी आग दिसत नव्हती. मी नव्या पोरांना हा प्रसंग दर वेळी सांगायचो. अल्कोहोलचा साठा असलेल्या इमारतीच्या भिंतीलगत बंब लावायचा नाही, हे त्यांच्या मनावर ठसायला हवं.

---

दुसरीपाळी

साहेब, आमच्याकडे डाइकमधलं पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह आहे, तो पावसाळाभर उघडाच असतो. हे चालतं का?

---

बंबवाला

अजिबात नाही, बाळ. तो कायम बंद, कुलूप घालून. पाऊस थांबला की माणूस उभा करून पाणी काढायचं आणि परत बंद. उघडा व्हॉल्व्ह असला तर डाइक असून नसल्यासारखी. टँक फुटला की माल सरळ नाल्यात, आणि नाल्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या आणि त्यांच्या चुली असतात.

---

रानकाजू

हे वाचून अंगावर काटा आला. कोप्यांचा विचार कुणाच्या नकाशातच नसेल.

---

मळीवाला

कोप्यांबरोबर टँकरच्या रांगेचाही विचार व्हावा. इथेनॉल न्यायला आलेले टँकर गेटबाहेर दोन-दोन दिवस उभे असतात. ड्रायव्हर-क्लीनर टँकरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भाकरी-भाजी करतात. त्यांना हाकलून प्रश्न सुटत नाही, कारण जेवायचं तर त्यांना आहेच. एका कारखान्यात आम्ही आग्रह धरून वाऱ्याच्या वरच्या बाजूला, टँक फार्मपासून लांब, ड्रायव्हरांसाठी शेड, पाणी आणि चूल करून घेतली. खर्च किरकोळ होता. व्यवस्थापनाला पटवायलाच वेळ गेला.

लोडिंगला अर्थिंगची क्लिप लावतात तीही रंगावर नको, उघड्या धातूवर चावली पाहिजे. आणि टँकरचं झाकण उघडायच्या आधी लावायची.

---

शुश्रूषा

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. अल्कोहोलने पेटलेल्या माणसाला बहुतेक वेळा आधी कळतच नाही, कारण ज्वाळा दिसत नाही. अंगावर नायलॉन, टेरिकॉट असेल तर ते वितळून कातडीला चिकटतं. प्लँटवर आणि भट्टीवर सुती कपडे घाला. कपड्यांवर स्पिरिट सांडलं असेल तर ते वाळेल म्हणून वाट बघू नका, लगेच बदला आणि तोपर्यंत चुलीपाशी जाऊ नका.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, तसंच स्वच्छ चादरीत गुंडाळून दवाखान्यात आणा. चेहरा भाजला असेल किंवा आवाज बसला असेल तर एक मिनिटही दवडू नका, श्वासनलिका सुजत असते.

---

फळाखडू

विषय थोडा बाजूचा, पण लिहितो. शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा मंद झाला की तो जळत असतानाच बाटलीने वरून ओतायची चूक मोठी माणसंही करतात. ज्योत बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्या मुलांच्या अंगावर पेटत्या स्पिरिटचा झोत येतो. लग्नाच्या पंगतीत बुफेच्या भांड्यांखालचे बर्नर भरताना केटरिंगची पोरं हेच करतात. दिवा विझवून, पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या टेबलावर नेऊन भरायचा. मोठी बाटली वर्गात आणायचीच नाही.

---

दुसरीपाळी

काका, सगळ्यांचे आभार. डाइकचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावून घेतलंय, चावी शिफ्ट इनचार्जकडे. टँकखाली डबा खाणंही बंद झालं, आकड्यांचा उपयोग झाला.

काल मेंटेनन्सला सांगून एका टँकचा फ्लेम अरेस्टर उघडला. गेल्या वर्षी टँकला रंग दिला तेव्हा पेंटरने अरेस्टरच्या जाळीवरही ब्रश फिरवलाय. अर्ध्याहून जास्त छिद्रं चांदीच्या रंगाने बुजलीत आणि उरलेल्यांत गांधीलमाशीने घर केलंय. बाकीचे सगळे आता उघडून बघणार आहोत.

एक विचारायचं आहे. पाण्याचा दाब उतरला की स्टीम बंद होईल ही सोय आमच्याकडे कागदावर आहे. त्याचा स्विच कूलिंग पंपाच्या डिलिव्हरीवर (पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपवर) बसवलाय. ते बरोबर आहे का?

---

मळीवाला

अरेस्टर उघडून बघितलास हे फार चांगलं केलंस. बुजलेल्या जाळीने आणखी एक घोळ होतो: माल काढताना टँकमध्ये हवा शिरत नाही आणि टँक आत ओढला जाऊन चेपतो. बाकीचे अरेस्टर बघून होईपर्यंत त्या टँकांतून पंपिंग हळू ठेवा.

स्विचची जागा चुकीची आहे. पंपाच्या डिलिव्हरीवर दाब भरपूर दिसेल, पण पुढे कुणी व्हॉल्व्ह आवळला असेल, गाळणी चोंदली असेल किंवा कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसले असतील तर पाणी पोचतच नाही. अशा वेळी दाब उलट वाढतो आणि स्विच खूश असतो. कंडेन्सरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर प्रवाहाचा स्विच घ्या. शेवटच्या व्हेंट कंडेन्सरनंतर, व्हेंटच्या पाइपवर तापमानाचा एक सेन्सर बसवा. व्हेंट गरम झाला म्हणजे वाफ निसटतेय, कारण काहीही असो. दोन्हींपैकी एकानेही इशारा दिला की रिबॉयलरचा स्टीम बंद. स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह, तो चालवणारी हवा (इन्स्ट्रुमेंट एअर) गेली की बंद होणाऱ्या प्रकारचा आहे ना, तेही बघून घे. हवा गेल्यावर उघडा राहणारा बसवलेला असेल तर इन्स्ट्रुमेंट एअर गेल्यावर सगळीच सोय निकामी होते.

आणि हे सगळं बसवलं की कागदावर सही करून सोडू नकोस. पुढच्या शटडाऊनच्या आधी, प्लँट कमी लोडवर असताना, दिवसाउजेडी, सगळे फिटर जागेवर उभे करून कूलिंग पंप मुद्दाम बंद करायला लाव. स्टीमचा व्हॉल्व्ह किती सेकंदांत बसतो ते मोज आणि आकडा मला इथेच कळव.